सोमवारची वाट न पाहता

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना व्यायाम माहीत असतात. मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, कंबर, मान, खांदे हे माझं रोजचं काम. पेशंट आत येतात तेव्हा पिशवीत एक्स-रे असतो, गोळ्यांची चिठ्ठी असते आणि पुष्कळदा कुणीतरी आधी दिलेला व्यायामांचा कागदही असतो. त्यावर दहा-बारा व्यायाम, प्रत्येकाचे तीन-तीन सेट. विचारलं की सांगतात, "केले ना मॅडम, पंधरा दिवस अगदी मनापासून केले. मग गौरी-गणपती आले आणि सुटलं ते सुटलंच."

त्या पंधरा दिवसांबद्दल माझं काही म्हणणं नाही. काळजी वाटते ती नंतरच्या महिन्यांची. एक दिवस चुकतो. मग ठरतं, आता सोमवारपासून नीट सुरू करू. सोमवारी पाहुणे येतात, म्हणून एक तारीख ठरते, एक तारखेला कुणाचं तरी लग्न निघतं, म्हणून पाडवा. नीट करायचं या हट्टापायी काहीच होत नाही, आणि मांडीचा स्नायू या तारखा पाळत नाही. वापर थांबला की तो उतरत जातो आणि त्याचा भार गुडघ्यावर येतो.

बऱ्या होणाऱ्या माणसांत मला एक गोष्ट सारखी दिसते: ती थोडं करतात, बऱ्यापैकी करतात आणि महिनोन् महिने करत राहतात. असं करत राहणं कसं जमवायचं, ते इथे सांगते. उदाहरणं व्यायामाची जास्त येतील, कारण माझा हात त्यावर बसलाय. खाणं आणि झोप यांचंही गणित फार वेगळं नाही.

वाईट दिवसाचं माप आधी ठरवा

सवय ठरवताना आपल्या डोळ्यासमोर चांगला दिवस असतो. पहाटे आपोआप जाग आलेली, पाऊस नाही, घरात कुणी आजारी नाही. असे दिवस थोडे असतात. म्हणून मी पेशंटला त्यांचा सगळ्यात ओढाताणीचा दिवस सांगायला लावते. सासूबाई दवाखान्यात, मुलाची परीक्षा, ऑफिसात मार्च एंड, त्यातच गॅस संपलेला. त्या दिवशीही जे होईल तेवढंच तुमचं किमान. ते कागदावर लिहा आणि आकड्यात लिहा. 'थोडं चालणं' असं लिहू नका, 'जेवणानंतर दहा मिनिटं' असं लिहा.

कोरेगावकडच्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंचं सांगते. वय पन्नाशीच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांची झीज, वर्गात दिवसभर उभं राहणं. त्यांच्या कागदावरचे दहा व्यायाम आम्ही बाजूला ठेवले आणि दोनच ठेवले. पहिला अंथरुणातच, उठायच्या आधी. पाय सरळ पसरायचा, टॉवेलची जाडसर गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची, पायाची बोटं आपल्याकडे ओढायची आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूने टॉवेल खाली दाबायचा. पाच आकडे मोजेपर्यंत दाबून ठेवायचा, मग सोडायचा. तळहात मांडीवर ठेवला की कळतं. स्नायू हाताखाली घट्ट झाला पाहिजे. श्वास कोंडायचा नाही, आकडे तोंडाने मोठ्याने मोजले की तो आपोआप चालू राहतो. एका पायाला दहा वेळा. दुसरा व्यायाम ओट्याशी: चहा उकळेपर्यंत ओट्याला हात टेकून टाचा वर उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. दोन्ही मिळून पाच-सात मिनिटं.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "एवढ्याने काय होणार?" हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. दोन व्यायामांनी गुडघ्याची झीज भरून येत नाही. पण मांडीला ताकद आली की दुखणं कमी होतं, जिना सोपा जातो, आणि ही ताकद यायला आठवडे लागतात. त्या आठवड्यांत व्यायाम चालू राहणं हेच औषध. दहा व्यायाम पंधरा दिवस केले तर स्नायूला बदलायला वेळच मिळत नाही.

थोड्याने फरक पडतो हे काही मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. मोठ्या माणसांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन किंवा जास्त दिवस ताकदीचे व्यायाम करावेत, असं त्यात आहे. पण आधीच्या सूचनांत सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजायची नाही अशी अट होती, ती या वेळी काढून टाकली. काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. दुसरं, ज्या दहा हजार पावलांची एवढी धास्ती घेतली जाते, तो आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. कुठल्या डॉक्टरांनी तपासून ठरवलेला तो नव्हता. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फारसा फरक उरला नाही. मोबाइलवर सहा हजार पावलं दिसली म्हणून हिरमुसणाऱ्या आज्यांना मी हे आवर्जून सांगते.

घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा

'रोज सकाळी सहा वाजता' हे ज्यांचे दिवस सारखे असतात त्यांनाच झेपतं. आमच्या भागात शेतीला थ्री फेज लाईट कधी दिवसाची असते, कधी रात्रीची. लिंबकडचे एक काका कंबरदुखीसाठी येत. पाणी धरायला रात्री शेतात जायचं, पहाटे घरी यायचं, मग सहाचा व्यायाम कुठून होणार? आम्ही व्यायाम वेळेवरून काढला आणि हातपाय धुण्याला जोडला. शेतातून आलं, हातपाय धुतले, की लगेच ओसरीवर पाठ टेकून गुडघे छातीशी घेणं आणि कंबर उचलणं. येणं सकाळी असो की मध्यरात्री, हातपाय धुणं चुकत नाही.

तुमच्या दिवसात न चुकणारं काम कोणतं, ते शोधा. दात घासणं, देवापुढे दिवा लावणं, मुलांना स्कूलबसला सोडणं, चहा ठेवणं. त्याच्या लगेच नंतर, त्याच जागी नवी सवय लावा. मधे 'जरा मोबाइल बघते' आलं की साखळी तुटते. साहित्यही तिथेच हवं: टॉवेल उशाशी, बूट दाराशी, औषधाची डबी पाण्याच्या तांब्याशेजारी. व्यायामाची चटई कपाटाच्या वरच्या खणात असेल तर ती तिथेच राहते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय.

मधुमेह असलेल्यांना मी सगळ्यात आधी रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली सांगते. ती आपल्याकडे जुनी आहेच, आणि तिला चांगला आधारही आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना दोन पद्धतींनी चालायला लावलं: दिवसातून एकदा सलग तीस मिनिटं, किंवा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं. दहा-दहा मिनिटांच्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्के. देशातल्या दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतून 2023 मध्ये पुढे आला. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरासमोर दहा मिनिटं चालण्याएवढा रस्ता असेल. पाऊस असेल तर गच्चीच्या जिन्याखाली, नाहीतर हॉलमध्ये येरझारा घाला. घरातल्या येरझारांचाही उपयोग होतो.

खाडा पडला तर

या भागासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. सवय पहिल्या खाड्याने मोडत नाही. खाड्यानंतर आपण मनात जे म्हणतो त्याने ती मोडते: "गेलं सगळं पाण्यात."

आपल्या घरात भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडलेले असतात. गवळी दोन दिवस आला नाही तर त्या चौकोनात खूण होते, महिनाअखेर हिशोबातून तेवढं वजा होतं, आणि तिसऱ्या दिवशी दूध पुन्हा सुरू असतं. दोन दिवस नाही आलं म्हणून कुणी रतीब बंद करत नाही. व्यायामाच्या खाड्याकडेही एवढ्याच शांतपणे बघा. त्याच कॅलेंडरवर, केलं त्या दिवशी बरोबरची खूण करा आणि राहिलं त्या दिवशी 'खा' लिहा. रिकामा चौकोन ठेवू नका. लिहिलेला खाडा डोळ्याला दिसतो, त्यामुळे तो वाढत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर एक अभ्यास केला होता, तो 2009 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा हालचालीची एकच नवी सवय निवडली, रोजच्या ठरलेल्या कामाला जोडली आणि बारा आठवडे नोंद ठेवली. अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा 66. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. 21 दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मी हे आकडे सांगते. तुमचे तीन-चार महिने जातील, त्यात काही बिघडलेलं नाही.

खाड्यानंतर परत कसं यायचं, तेही ठरवून ठेवा. परत येण्याच्या दिवशी फक्त किमान करायचं. राहिलेल्याची भरपाई म्हणून दुप्पट करायचं नाही, हे मी पेशंटकडून वदवून घेते. चार दिवस बंद असलेल्या खांद्याला पाचव्या दिवशी दुप्पट काम दिलं तर तो रात्रभर ठणकतो, आणि मग खरंच आठवडा जातो. ताप असेल, जुलाब असतील तर विश्रांती घ्या. तो खाडाच धरू नका, चौकोनात 'आजारी' लिहा.

सण, फराळ आणि चहा

खाण्याच्या बाबतीत हा परिपूर्णतेचा हट्ट जास्त नुकसान करतो. दिवाळीत सकाळी एक करंजी खाल्ली जाते, मग "आज मोडलंच आहे, आता उद्यापासून", आणि संध्याकाळपर्यंत चकली, चिवडा, शंकरपाळे सगळं होतं. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असंच दिसलं होतं. तरुणींना आधी मिल्कशेक दिला, मग पुढे आइस्क्रीम ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या कडक पथ्य पाळणाऱ्या होत्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम जितका ताठ, तितका तो एकदम मोडतो.

करंजी खाल्लीत तर करंजीच खाल्लीत. दुपारचं जेवण रोजच्यासारखं घ्या, रात्री शतपावली करा.

आणि सुरुवात चहापासून करा, कारण तिथे रोजचं माप हातात असतं. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. चमचा चार ग्रॅमचा धरला तरी 32 ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास राहिली तर जास्त फायदा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदम बिनसाखरेचा चहा घेणारे आठवड्याभरात परततात. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी करा. जिभेला कळतही नाही. महिन्याभरात तुम्ही निम्म्यावर आलेले असता.

धावणारे आणि नमस्कार घालणारे

आमच्याकडे 2012 पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते, यवतेश्वरच्या घाटातून. गावाला तिचा अभिमान आहे आणि मलाही आहे. तिच्यामुळे कितीतरी लोक पहाटे घराबाहेर पडले. पण पावसाळा सुरू झाला की नडगीचं हाड दुखतंय म्हणून येणाऱ्यांची माझ्याकडे रांग लागते. वर्षभर काही नाही आणि शेवटच्या दोन महिन्यांत एकदम घाट. दमसास लवकर वाढतो, काही आठवड्यांतच बरं वाटायला लागतं. हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. म्हणून छाती साथ देत असते तेव्हा नडगी बोंब मारते. 21 किलोमीटर धावायचे असतील तर दिवाळीनंतरच आठवड्यातून तीन दिवस, बोलता बोलता धावता येईल अशा वेगाने सुरुवात करा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते तुटू देऊ नका.

सूर्यनमस्काराचंही तेच. आमच्याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी पोचावेत म्हणून आयुष्य वेचलं, संस्थानाच्या शाळांमध्ये मुलांकडून ते करवून घेतले. ते स्वतः रोज घालत आणि ते रोज घालणंच मला मोलाचं वाटतं. आता रथसप्तमीला 108 घालण्याचे कार्यक्रम होतात. सवय असलेल्यांनी जरूर जावं. वर्षभर एकही न घालता त्या दिवशी 108 घातले की दुसऱ्या दिवशी मनगटं, खांदे, कंबर धरते आणि नमस्कार पुढच्या रथसप्तमीपर्यंत बंद होतात. त्यापेक्षा आंघोळीआधी तीन घाला. गुडघा टेकवत नसेल तर खाली घडी घातलेली सतरंजी ठेवा. वाकल्यावर पाठ गोल होत असेल तर गुडघे थोडे वाकवा. रक्तदाब चढा राहत असेल, हर्निया असेल किंवा मणक्याचं दुखणं पायात उतरत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

थोडं कमी चालणार नाही अशाही गोष्टी आहेत

रक्तदाबाची गोळी, इन्शुलिनचा डोस, प्रतिजैविकांचा कोर्स, ऑपरेशननंतर पायावर किती भार द्यायचा याची सूचना: इथे "जमेल तेवढं" चालत नाही. सांगितलंय तसंच करायचं. गुडघा बदलल्यानंतरचे पहिले काही आठवडे गुडघा वाकवण्याचे व्यायाम ठरलेल्या संख्येने झालेच पाहिजेत, कारण एकदा सांधा आखडला की पुढे सोडवणं फार अवघड जातं. त्या दिवसांत घरच्यांनी पेशंटला किमानावर सोडू नये. चालताना छातीत दडपण आलं, पोटरी एका बाजूची सुजली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा दुखणं रात्री झोपेतून उठवू लागलं, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वजनकाट्यावर सवय मोजू नका

वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं, मीठ जास्त झालं तरी होतं, आणि रोज काट्यावर उभं राहणारा माणूस रोज निराश व्हायला कारण शोधतो. खुर्ची वापरा. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, पक्की खुर्ची. दोन्ही हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. 60 ते 64 वयाच्या बाईला 12 पेक्षा आणि पुरुषाला 14 पेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात. पहिल्या वेळी शेजारी कुणाला तरी उभं करा. आकडा कॅलेंडरवर लिहा आणि बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. मधुमेह असेल तर एचबीए1सी ही रक्ततपासणी साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तीही त्याच सुमाराला करून घ्या.

किमान कधी वाढवायचं? महिनाभर ते करताना मनाशी वाटाघाट करावी लागली नाही की. मग एकच गोष्ट वाढवा: दहाचे बारा करा, किंवा शतपावली दहाची पंधरा मिनिटं. कॅलेंडरवर खाडे वाढायला लागले तर मुकाट्याने मागच्या मापावर या.

शेवटचं घरातल्यांना. "सुटलं वाटतं पुन्हा?" हे वाक्य पेशंट माझ्यासमोर सांगतात तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. दिवसभर राबलेल्या बाईला व्यायामाची आठवण नको असते, वेळ हवा असतो. जेवण झालं की भांडी तुम्ही आवरा आणि तिला म्हणा, तू दहा मिनिटं चालून ये.